लॅपटॉप घ्या, ताप नको

मोबाइलची ॲप्स तयार करणारे आणि व्हिडिओ एडिटिंग करणारे तरुण दिवसाचे आठ-दहा तास लॅपटॉपसमोर असतात. नवा लॅपटॉप घेताना वेग, किंमत आणि पडदा यांची चौकशी होते. तो किती तापतो, हे क्वचितच विचारले जाते. वास्तविक लॅपटॉपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेत बदलते. ती मांडीला सोसावी लागते, बॅटरीला सोसावी लागते किंवा पंख्याच्या घरघरीच्या रूपाने कानाला. ‘आर्म’ प्रकारच्या चिपचे लॅपटॉप समजून घ्यायचे ते यासाठी.

या चिपचा जन्म इंग्लंडमधील केंब्रिजचा. एकॉर्न या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये पहिली आर्म चिप सिद्ध केली. चिपला द्यायच्या सूचना मोजक्या आणि साध्या ठेवायच्या, हे तिचे सूत्र. त्यामुळे ती कमी विजेवर चालते आणि कमी तापते. पुढे मोबाइल फोनने हीच चिप उचलली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने ‘एम वन’ चिपचे लॅपटॉप आणले आणि २०२४ मध्ये क्वालकॉमच्या ‘स्नॅपड्रॅगन एक्स’ चिपवरचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले.

धावपटू आणि हमाल

आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. काही झटपट जोर लावून लवकर दमणारे, तर काही सावकाश पण तासन् तास काम करणारे. अनेक आर्म चिपमध्ये अशीच विभागणी असते. जड कामासाठी जोरकस गाभे आणि मेल वाचण्यासारख्या हलक्या कामासाठी काटकसरी गाभे. शिवाय व्हिडिओ उलगडण्यासाठी आणि पुन्हा बांधण्यासाठी चिपमध्येच स्वतंत्र रचना असते. एच.२६४ किंवा एचईव्हीसी प्रकारचे चित्रीकरण त्यामुळे मुख्य गाभ्यांना फारसे न दमवता हाताळता येते.

तरीही दोन्ही कामांचा स्वभाव वेगळा आहे. ॲप लिहिताना बराच वेळ विचारात जातो आणि मधूनच काही मिनिटे चिपला जोर लावावा लागतो. हे काम धावपटूचे. त्याला पंखा नसलेला, आवाज न करणारा लॅपटॉप पुरतो. तासाभराचा फोर-के व्हिडिओ निर्यात करणे हे मात्र हमालाचे काम. ओझे सतत डोक्यावर. घाम न येणारा माणूस वैशाखातल्या उन्हात जसा मंदावतो, तशी पंखा नसलेली चिप तापू लागली की स्वतःचा वेग आपोआप कमी करते. म्हणून मोठे व्हिडिओ रोज करणाऱ्याने पंखा असलेलेच मॉडेल घ्यावे.

दुभाषा किती कामाचा?

इंटेल आणि एएमडीच्या चिपसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर आर्म चिपला थेट समजत नाहीत. मॅकवर ‘रोझेटा’ आणि विंडोजवर ‘प्रिझम’ हे दुभाषी मध्ये बसतात. दुभाष्यामार्फत काम होते, पण वेळ आणि बॅटरी जास्त लागते. आपले रोजचे सॉफ्टवेअर खास आर्मसाठी उपलब्ध आहे का, हे त्यामुळे आधी पाहावे. प्रिंटर, ऑडिओ कार्ड अशा उपकरणांच्या ड्रायव्हरना तर दुभाषा चालतच नाही. ते आर्मसाठीच लिहिलेले लागतात. जुने मराठी टंक डोंगल लावून वापरणाऱ्यांनी ही खात्री आधी करून घ्यावी.

आयफोनची ॲप्स तयार करायची तर मॅकला पर्याय नाही, कारण त्यासाठी लागणारे एक्सकोड फक्त मॅकवर चालते. अँड्रॉइडसाठी आर्मवरचा विंडोज लॅपटॉप घेणाऱ्याने पडद्यावरचा आभासी फोन म्हणजे एम्युलेटर त्यावर चालतो का, ते तपासावे. रॅम या लॅपटॉपमध्ये बहुधा कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. कोडिंग आणि छोट्या व्हिडिओंसाठी १६ जीबी, तर एम्युलेटर आणि फोर-के एडिटिंग दोन्ही असल्यास २४ ते ३२ जीबी धरून चालावे. साठवण कमी पडली तर बाहेरून एसएसडी जोडता येते.

थंड चिप, अवघडलेली मान

गरम वस्तू त्वचेला रोज टेकत राहिली तर भाजत नाही, पण जाळीदार तपकिरी डाग उमटतात. काश्मीरमध्ये कांगडी वापरणाऱ्यांत हे जुनेच दुखणे आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ‘इरिथेमा ॲब इग्ने’ म्हणतात. लॅपटॉप मांडीवर ठेवणाऱ्यांतही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत २९ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर वृषणकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलेले आढळले. त्यातली बरीच वाढ पाय जुळवून बसण्यामुळेच होती. म्हणजे चिप थंड असली तरी मांडी ही लॅपटॉपची जागा नव्हे.

आर्मचा मोठा गुण म्हणजे दिवसभर टिकणारी बॅटरी. तोच शरीराला जाचू शकतो. पूर्वी दोन-तीन तासांत बॅटरी संपायची आणि चार्जर आणायला तरी माणूस उठायचा. आता अंथरुणात, मान खाली घालून पहाटेपर्यंत काम चालते. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड जोडलेले असल्याने मान किंवा मनगट, एकाला तरी तडजोड करावी लागते. उपाय स्वस्त आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणणारा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद नजर टाकावी, तासातून एकदा उठून चार पावले चालावे.

खरेदीच्या वेळी चिपची एक पायरी खाली उतरून वाचलेल्या पैशांत रॅम आणि हे साहित्य घेणे शहाणपणाचे. दुकानात जाताना आपलीच एखादी व्हिडिओ फाइल सोबत न्यावी. दुकानदाराने परवानगी दिली तर ती निर्यातीला लावून वीस मिनिटे थांबावे, पंखा ऐकावा आणि लॅपटॉपच्या पोटाला हात लावून पाहावा. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा तो हात अधिक सांगून जाईल.