न बोललेली वीस मिनिटं

इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकरने २५ मे २०२५ रोजी बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या फुटबॉल कार्यक्रमाचा निरोप घेतला. समाजमाध्यमावरच्या ज्या पोस्टपायी त्याचं बीबीसीशी असलेलं नातंच संपलं, तिच्यावर रकानेच्या रकाने भरून झाले आहेत. ती चूक होती, त्याने माफीही मागितली. मला प्रश्न वेगळाच पडतो: निवृत्त खेळाडूला माइकसमोर बसवतात ते नेमकं कशासाठी?

लिनेकरकडे भांडवल तगडं होतं. इंग्लंडकडून ८० सामन्यांत ४८ गोल, १९८६च्या विश्वचषकात सर्वाधिक ६ गोल आणि अख्ख्या कारकिर्दीत एकही यलो कार्ड नाही. १९९९मध्ये सूत्रसंचालकाच्या खुर्चीत बसल्यावर मात्र त्याने हे भांडवल जपूनच खर्चलं. स्वतः छोटा प्रश्न विचारायचा आणि ॲलन शिअरर, इयान राइट या माजी खेळाडूंना बोलतं करायचं. आपल्या क्रिकेट समालोचकांच्या तोंडून दर षटकाला ‘आमच्या वेळी’ ऐकणाऱ्यांना याचं मोल कळेल. मिरवला तो २०१६मध्ये. त्याचं लाडकं लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकलं आणि दिलेल्या शब्दाखातर गडी नुसत्या चड्डीवर कॅमेऱ्यासमोर आला!

मला मात्र आठवतो मार्च २०२३. ब्रिटिश सरकार निर्वासितांबद्दल जी भाषा वापरत होतं, तिची तुलना त्याने १९३०च्या दशकातल्या जर्मनीशी केली. बीबीसीने त्याला बाजूला केलं. शिअरर आणि राइट म्हणाले, मग आम्हीही येत नाही. समालोचकही फिरकले नाहीत. ११ मार्चला कार्यक्रम उरला वीस मिनिटांचा: निवेदन नाही, चर्चा नाही, समालोचन नाही. नुसते गोल आणि स्टेडियममधला गलका. तरीही प्रेक्षक आदल्या आठवड्यापेक्षा वाढले.

गंमत बघायला आलेले त्यात बरेच असणार, हे मान्य. तरी वर्षाला साडेतेरा लाख पौंड घेणाऱ्या माणसावाचून सामन्याचं काही अडत नाही, एवढं त्या रात्री दिसलं.

२०२५-२६च्या हंगामापासून त्याच्या जागी तिघं आले: गॅबी लोगन, केली केट्स आणि मार्क चॅपमन. लोगन माजी जिम्नॅस्ट, केट्स लिव्हरपूलकडून खेळलेल्या केनी डॅलग्लिशची मुलगी, चॅपमन मुरलेला निवेदक. व्यावसायिक फुटबॉल तिघांपैकी एकानेही खेळलेला नाही. त्या खुर्चीत बसायला आधी कान लागतात, हे बीबीसीला उमगलेलं दिसतं. आपल्या वाहिन्या मात्र समालोचक निवडताना अजून शतकंच मोजताहेत.