एक अधिक एक किती?

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली ती १९९३ साली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. २०१६ साली गडचिरोलीत शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सुरू केला. त्याने दारू आणि तंबाखू ही दोन्ही व्यसने एकदमच हाती घेतली. असे का बरे? एकेक करून सोडविणे सोपे नव्हते का?

याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. आपल्याकडचा खर्राच पाहा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार होतो. चुना अल्कधर्मी असतो. त्यामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून झटकन रक्तात शिरते. निकोटीन उत्तेजक आहे, तर दारू गुंगी आणणारी. दोन्ही एकत्र घेणाऱ्याला गुंगी कमी जाणवते. 'मला काही चढली नाही' असे म्हणून तो आणखी पितो. रक्तातील अल्कोहोल मात्र तसूभरही कमी झालेले नसते!

हे वर्तन उंदरांतही दिसते. अमेरिकेतील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी निकोटीन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत दारूमुळे स्रवणारे डोपामिन कमी झाले आणि ते उंदीर इतरांपेक्षा जास्त दारू पिऊ लागले. म्हणजे एका व्यसनाने दुसऱ्याला वाट करून दिली.

आता थोडे गणित करू. १९७२ साली रॉथमन आणि केलर यांनी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका मोजला. दोन्ही व्यसने नसणाऱ्यांचा धोका १ धरला, तर फक्त भरपूर दारू पिणाऱ्यांचा सुमारे २.३ आणि फक्त भरपूर धूम्रपान करणाऱ्यांचा सुमारे २.४ निघाला. दोन्ही भरपूर करणाऱ्यांचा किती असेल? ४ की ५? उत्तर आले सुमारे १५! कारण दारूमुळे तोंडाचे अस्तर अधिक पाझरू लागते आणि तंबाखूतील विषे आत शिरतात. शिवाय दारूपासून शरीरात तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड स्वतःच कर्करोगकारक आहे. खर्ऱ्यात धूर नसला, तरी तंबाखूतील कर्करोगकारक नायट्रोसॅमिने असतातच. सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे.

औषधांचेही असेच आहे. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही मेंदूचे काम मंदावतात. एकत्र घेतल्यास श्वासच थांबू शकतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड यकृतावर ताण टाकते. त्यात दारूची भर पडली, तर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. घरात कोणी ही औषधे घेत असेल, तर एवढे त्यांना जरूर सांगा. दारू एकदम सोडणे कोणाला जड जात असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या.

आणि उद्या एखादा मित्र 'थोडासाच घे' म्हणत खर्ऱ्याची पुडी पुढे करील, तेव्हा ही बेरीज आठवा. तो 'थोडासा' एकटा राहत नाही.