धुळीचं अस्तर, मुंग्यांचं गाठोडं

मातीच्या ढेकळाला सहा पाय आहेत, हे पटायला भिंग लागतं. वारुळाजवळचा दगड हलकेच उलटायचा, मुंगळे पांगू द्यायचे आणि बसून राहायचं. एखादं ढेकूळ दोन पावलं सरकतं, थबकतं, पुन्हा सरकतं. पाठीवर चोखून रिकाम्या केलेल्या मुंग्यांची टरफलं रचलेली. हे अकँथास्पिस प्रजातीतल्या मारेकरी ढेकणाचं पिल्लू.

त्याचा युरोपातला नातलग रेडुव्हियस पर्सोनॅटस. लिनियसने १७५८ सालीच नोंदवलेला हा ढेकूण जुन्या घरांत राहतो आणि खाटेतले ढेकूण खातो, याचं मला फार बरं वाटतं! त्याचं पिल्लू धूळ, वाळू, कापडाचे तंतू अंगभर माखतं, पण गाठोडं वाहत नाही. दोघांतला फरक शोधायचा तो पाठीवर.

माखण्याची हातोटी मात्र सारखीच. ओल्या कुंचल्याने पिल्लू साफ केलं, तर ते पुन्हा कामाला लागतं. मागच्या पायांनी माती ओढायची, अंगावर थापायची. अंगावरचे काही केस चिकट द्रव पाझरतात, काही दातेरी केस कण अडकवून धरतात. कात टाकली की सगळी मेहनत पहिल्यापासून. पंख फुटलेला प्रौढ तेवढा उघडाच फिरतो.

धूळ असताना अकँथास्पिसला गाठोडं कशाला? पाहणाऱ्याला ती शिकाऱ्याची बढाई वाटते. पश्चिम आफ्रिकेतल्या ढेकणांवरच्या २००२ सालच्या अभ्यासाने दोन्ही थरांची कामं वेगळी करून दाखवली. धुळीच्या अस्तरामुळे मुंग्यांना पिल्लाचा सुगावा उशिरा लागतो. ते शिकारीच्या कामाचं. गाठोडं शत्रूंसाठी: पाली, गोमी, कोळी. केनियातल्या अकँथास्पिस पेटॅक्सवरचा अभ्यास २००७ साली आला. त्यात नजरेवर शिकार करणाऱ्या उड्या कोळ्यांनी गाठोडंवाल्यांपेक्षा उघड्या ढेकणांवर कितीतरी जास्त वेळा झडप घातली. ढिगाखाली ढेकणाचा आकारच हरवतो, आणि हा कोळी तर सावज आकारावरूनही ओळखतो.

एकाच अंगावर एक वेष भक्ष्यासाठी, दुसरा भक्षकासाठी! रेडुव्हियसचं धुळकट पिल्लू त्यापुढे मला अगदीच साधं वाटतं. तरी कौतुकाने त्याला तळहातावर घेऊ नये. ज्या सोंडेने ते भक्ष्याला लुळं करतं, तीच आपल्यालाही टोचते आणि दंश चांगलाच झोंबतो. कागदावर चढवून घ्यावं, पाहून झालं की जागच्या जागी सोडावं. दगडही होता तसा ठेवावा.