झाशीच्या दारातलं विवर

झाशीहून एका आजोबांचं पत्र आलं आहे. त्यांच्या नातीने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सूर्यमालेची ओळख करून देणारा पेपर घेतला आहे. महाविद्यालयात दुर्बीण नाही आणि शहरावरच्या आकाशात धूळ नि दिवेच फार. पुस्तकाबाहेरचं असं तिला काय दाखवता येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

आजोबा, दुर्बीण राहू द्या. एखाद्या रविवारी गाडी काढा आणि शिवपुरीचा रस्ता धरा. वाटेत करेरा लागेल. तिथून दक्षिणेला वळलात की ढाला नावाच्या गावाच्या परिसरात पोहोचाल. झाशीच्या किल्ल्यापासून हे ठिकाण सरळ रेषेत पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. मराठी माणसाला शिवपुरी ठाऊक असते ती १८ एप्रिल १८५९ रोजी तिथे फाशी गेलेल्या तात्या टोप्यांमुळे. पण याच जिल्ह्यात एके काळी आकाशातून एक पाहुणा आदळला होता आणि त्याने सुमारे ११ किलोमीटर व्यासाचं विवर खणलं होतं. मूळ व्यास याहूनही मोठा असावा, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे.

तिथे गेल्यावर मात्र खड्डा शोधू नका. समोर दिसेल ती सपाट माथ्याची टेकडी. विवर तयार झाल्यावर त्यात वाळू आणि गाळ साचत गेला आणि त्याचा खडक झाला. पुढे आजूबाजूचं सगळं झिजलं, पण हा भराव टिकला. म्हणजे जिथे खोलगट होतं तिथे आज उंचवटा आहे. चंद्राचे फोटो पाहून विवराची कल्पना केलेल्या विद्यार्थ्याला पहिला धडा इथेच मिळतो: चंद्रावर हवा नाही, पाणी नाही, म्हणून तिथली विवरं जशीच्या तशी राहिली. पृथ्वीवर सिद्ध झालेली विवरं सगळी मिळून दोनशेच्या आसपास आहेत. आपल्यावर मारा कमी झाला असं मुळीच नाही. ऊन-पावसाने आणि सरकत्या भूपट्टांनी त्याच्या खुणा पुसून टाकल्या, एवढंच.

ढालाचं वय काढण्याची रीत एखाद्या हुशार शाळकरी मुलालाही समजेल. विवर कोरलं गेलं आहे बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटमध्ये. झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तिचाही खडक याच बुंदेलखंडी कुळातला. हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा आघात त्याच्यानंतरचा. विवरावर जे थर बसले ते विंध्य समूहाचे, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. आघात त्यांच्या आधीचा. मधल्या ऐंशी कोटी वर्षांत कधीतरी हे घडलं. ऐंशी कोटी वर्षांची ढिलाई ऐकून कुणी हसेल, पण ज्या काळात पृथ्वीवर जीव होते ते फक्त सूक्ष्म, तिथे एवढं सांगता येणं हीच कमाई आहे.

ढालावर लिहिताना ‘आशियातलं सर्वांत मोठं विवर’ असा मथळा देण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. सायबेरियातलं पोपिगाई विवर सुमारे १०० किलोमीटर व्यासाचं आहे आणि सायबेरिया अजून आशियातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराबद्दल ‘बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव’ असं आपण अभिमानाने सांगतो, तेही तपासून घ्यावं. ब्राझीलमध्ये बेसॉल्टातच झालेली व्हार्जियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरं आहेत. ढाला आणि लोणार या दोन्ही विवरांचं खरं मोल आकाराच्या शर्यतीत नाहीच. ते पुराव्याच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट सुरू होते एका थोर माणसाच्या पराभवापासून.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेचा नामवंत भूशास्त्रज्ञ. १८९१ साली तो अ‍ॅरिझोनातलं एक गोल विवर पाहायला गेला. रुंदी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर, भोवती लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले. गिल्बर्टने दोन कसोट्या आखल्या. लोखंडाचा गोळा तळाशी गाडला गेला असेल, तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे. शिवाय गोळ्याने आत जागा अडवली असेल, तर काठावर उसळलेली माती खड्ड्याच्या मापापेक्षा जास्त भरली पाहिजे. सुई हलली नाही आणि मातीचं माप खड्ड्याशी जुळलं. स्वतःला आवडलेली कल्पना सोडून देऊन गिल्बर्टने निकाल दिला: हा वाफेचा स्फोट. गंमत अशी की दोनच वर्षांनी, १८९३ साली, चंद्रावरची विवरं आघातानेच झाली असं ठामपणे मांडणाराही हाच गिल्बर्ट! १८९६ साली छापून आलेल्या व्याख्यानात त्याने अ‍ॅरिझोनाच्या विवराशी तुलना करायला आपलं लोणार घेतलं. लोणार ज्वालामुखीच्या काळ्या खडकात असल्याने ती तुलनाही त्याला वाफेच्या बाजूचीच वाटली.

मला हा माणूस फार आवडतो. त्याचं तर्कशास्त्र निर्दोष होतं, चुकलं ते गृहीतक. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात सुमारे ४८ किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते, हे नातीने कागदावर गणित करून पाहावं. बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. म्हणजे दगड जमिनीत रुतत नाही, स्फोट होतो. येणारा पाहुणा बहुतांशी वितळून आणि वाफ होऊन जातो. म्हणूनच तो तिरका आला तरी विवर बहुधा गोलच होतं. गिल्बर्ट शोधत होता तो गोळा तिथे उरलेलाच नव्हता. गिल्बर्टचा निकाल न पटलेल्या डॅनियल बॅरिंजरने १९०३ पासून जवळजवळ पाव शतक तिथे लोखंडासाठी खोदकाम केलं आणि आपली संपत्ती त्या खड्ड्यात घालवली.

गोळा उरत नसेल, तर पुरावा कसला मागायचा? उत्तर आलं १९६० साली, जीन शूमेकर आणि सहकाऱ्यांकडून. त्यांना अ‍ॅरिझोनाच्या विवरात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली गारेचं म्हणजे क्वार्ट्झचं जे रूप होतं, ते हे. पुढे आणखी एक खूण पक्की झाली. वातावरणाच्या लाखपट आणि त्याहून अधिक दाबाचा धक्का बसला की क्वार्ट्झच्या कणात समांतर, अतिसूक्ष्म रेघांचे संच उमटतात. ज्वालामुखी कितीही भडकला तरी या रेघा काढू शकत नाही. ढालाचा खडक आधी ज्वालामुखीच्या खात्यात टाकला गेला होता. अलाहाबाद विद्यापीठाचे जयंतकुमार पति यांनी रायमोल्ड, केबर्ल आदी सहकाऱ्यांसह २००८ साली या रेघांच्या आधारे तो आघाताच्या खात्यात आणला. लोणारनंतर सिद्ध झालेलं हे भारतातलं दुसरं विवर. तरी पतींचं नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे?

लोणारला मात्र ही कसोटी चालत नव्हती, कारण बेसॉल्टात क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. तिथे साक्ष दिली दुसऱ्या खनिजाने. १९६० आणि ७०च्या दशकात लोणारच्या आघाताची शंका बळावत गेली. १९७२ साली व्ही. के. नायक यांनी तिथल्या काचमय कणांकडे लक्ष वेधलं. १९७३ साली कर्ट फ्रेड्रिक्सन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तलावाच्या तळातून विंधन करून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट दाखवलं. हे फेल्डस्पारचं रूप, धक्क्याने काचेसारखं झालेलं. या काचेची पहिली ओळख झाली तीही भारतात पडलेल्या दगडातच. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये शेरघाटी इथे एक अशनी पडला आणि १८७२ साली व्हिएन्नाच्या चेरमाकने त्यात ती पाहिली. तो अशनी मंगळावरचा, हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका दगडात अडकलेला वायू व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. मंगळावर बसलेल्या धक्क्याची आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या धक्क्याची सही अशी एकच निघाली.

दोन विवरांत आणखी एक फरक आहे. लोणार सुमारे १.८ किलोमीटरचं, साध्या वाडग्याच्या आकाराचं. ढालाइतकं मोठं विवर साधं राहत नाही. दुधाने भरलेल्या भांड्यात थेंब पडला की मधोमध दूध वर उसळतं, तसा तिथला खडक मध्यभागी उसळतो आणि कडा आत ढासळतात. पृथ्वीवर ही सीमा दोन ते चार किलोमीटरवर येते. चंद्राचं गुरुत्व एकषष्ठांश, म्हणून तिथे ती पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत लांबते. ८५ किलोमीटरच्या टायको विवरात मधलं शिखर म्हणूनच उभं आहे. एवढं कळलं की बुध, मंगळ, गुरूचे चंद्र असा कुठलाही फोटो पुढ्यात आला, तरी नातीला तो वाचता येईल. कुठे विवरांची गर्दी आहे आणि कुठे जमीन कोरी आहे हे मोजून ती त्या भागाचं वयही अंदाजे सांगू शकेल. अपोलोच्या दगडांनी त्या मोजणीला वर्षांचं माप दिलं आहे.

माझी तक्रार अभ्यासक्रमाशी आहे. परीक्षेत अजूनही कोणत्या ग्रहाला किती चंद्र हे विचारलं जातं. मार्च २०२५ मध्ये शनीच्या चंद्रांत एका फटक्यात १२८ची भर पडली आणि आकडा २७४ झाला. छापील पुस्तक बिचारं तिथेच राहिलं. उलट उपग्रहाच्या नकाशावर गोल तलाव दिसला की ‘नवं विवर सापडलं’ म्हणून बातमी करणाऱ्यांना काय विचारायचं, हे कुणी शिकवत नाही. विचारायचं एवढंच: धक्का बसलेला कण दाखवा. राजस्थानातल्या रामगढच्या विवराला एकोणिसाव्या शतकापासून कुतूहलाचा विषय असूनही आंतरराष्ट्रीय मान्यतेसाठी २०२०पर्यंत थांबावं लागलं, ते याच प्रश्नापायी.

तेव्हा आजोबा, दुर्बिणीसाठी अर्ज जरूर करा, पण तो मंजूर होईपर्यंत झाशीतच बुंदेलखंड विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे. ग्रॅनाइटचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप आणि ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक ही भूशास्त्राची रोजची हत्यारं. आधी किल्ल्याच्या टेकडीसारखा साधा ग्रॅनाइट पाहू द्या, मग ढालाचा. रेघा कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे नातीने स्वतः ओळखलं की सूर्यमालेच्या पेपरातला निम्मा अभ्यास झाला असं खुशाल समजा.