काटा घाटातच का चढतो?

शिरगाव-सोमाटण्याहून रोज पिंपरी-चिंचवडला जा-ये करणारी गाडी महिनोन्‌महिने कुरकुरत नाही. तीच गाडी पाच माणसं आणि सामान घेऊन मुंबईहून परतताना खोपोली सोडते आणि बोरघाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागतो. लोणावळा आलं, रस्ता सपाट झाला, की काटा पुन्हा जागेवर. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बॉनेट उघडून पाहतो तर सगळं ठीक! कारण गॅरेजात गाडी उभी असते आणि दोष दिसतो तो भार पडल्यावर.

हा भार किती, याचा हिशेब शाळेच्या भौतिकशास्त्रात बसतो. खोपोली ते खंडाळा ही चढाई साधारण ५०० मीटरची. माणसांसकट १,५०० किलोची गाडी तेवढी वर उचलायला सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये तीन कोटींहून अधिक ज्यूल असतात, पण इंजिन त्यातला जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच चाकांपर्यंत पोहोचवतं. म्हणजे नुसती उंची गाठायलाच पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जळतं. उरलेल्या उष्णतेतली बरीचशी सायलेन्सरवाटे जाते आणि जवळपास चाकांना मिळते तेवढीच कूलंटमध्ये उतरते. ताशी ४० किलोमीटर वेगाने घाट चढताना रेडिएटरला साधारण १२ ते १५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. बाथरूममधले सहा-सात गिझर एकदम चालू असावेत, तेवढी! सपाटीवर त्याच वेगाला याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. म्हणून अर्धा चोंदलेला रेडिएटर मावळच्या पठारावर वर्षभर निभावून नेतो आणि घाटात उघडा पडतो.

हा चढ रेल्वेलाही सोपा गेलेला नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, ती ३७ फुटांना एक फूट अशा चढावरून. कर्जतला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडण्याची पद्धत आजही आहे. मोटारीला मागून कोणी रेटत नाही. तिला आहे त्याच इंजिनावर आणि आहे त्याच रेडिएटरवर वर यावं लागतं.

त्यामुळे निदानाचा पहिला प्रश्न ‘गाडी तापते का?’ हा नसतो, ‘कधी तापते?’ हा असतो. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि धावायला लागली की गार होते, तर संशय फॅनवर: मोटर, रिले किंवा फ्यूज. वेगात वारा आपोआप मिळतो, तो थांबल्यावरच फॅनची उणीव भासते. उलट शहरात ठीक आणि चढावर किंवा सतत वेगात तापत असेल, तर फॅन बहुधा निर्दोष. तिथे कमी पडतो तो कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची ताकद. ट्रकच्या रांगेमागे, एसी लावून, रांगत घाट चढताना मात्र दोन्ही दोष एकत्र दिसू शकतात, कारण वारा नाही, भार पूर्ण आणि एसीचा कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच सोडत असतो.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी. इंजिन थंड असताना आधी कूलंटची पातळी पाहायची, मग झाकण. हे झाकण साधं बूच नाही. त्याची स्प्रिंग आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग सैल पडली की उकळबिंदू खाली येतो आणि नेमकं घाटात पाणी उसळून बाहेर पडतं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नये, तेही यासाठीच: दाब सुटताक्षणी शंभराच्या वर गेलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थेट अंगावर येते.

पुढचा संशयित आपण स्वतःच ओतलेला असतो. कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी घालायची सवय अनेकांना असते. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. हा थर अॅल्युमिनियमच्या मानाने शंभरेक पट कमी उष्णता वाहून नेतो, शिवाय वाटही अरुंद करतो. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाइपांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं की बरंच कळतं. फरक फार मोठा असेल तर पाणी मंद फिरतंय: नळ्या चोंदल्या असतील किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील. फरक अगदी थोडा असेल तर जाळी चिखलाने, किड्यांनी भरली असेल आणि वारा आरपार जात नसेल. खालचा पाइप थंडच असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून पातेल्यात पाण्याबरोबर तापवला, तर बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडताना डोळ्यांना दिसतो. ‘थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ हा सल्ला मात्र मानू नये. अनेक इंजिनांत त्यामुळे गरम पाणी रेडिएटर चुकवून परत फिरतं आणि एरवी इंजिन नको तेवढं थंड राहतं.

शेवटचा संशय सर्वांत महाग: हेड गॅस्केट. भार वाढला की सिलिंडरमधला दाबही वाढतो आणि गॅस्केटमधल्या बारीक फटीतून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो. गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात पाइप टणक झाले किंवा टाकीत सतत बुडबुडे आले, तर तपासणी करून घ्यावी. त्यासाठीचं निळं द्रावण कार्बन डायऑक्साइडने पिवळं पडतं. शाळेत नळीने फुंकर मारून ब्रोमोथायमॉल ब्लूचा रंग बदलायचे, तेच हे रसायनशास्त्र.

घाटातच काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. गिअर खालचा घ्यावा. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून चढवलं तर भार जास्त आणि पाणी कमी, असा तोट्याचा सौदा होतो. काटा तरी उतरला नाही किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा पाहून इंजिन बंद करावं. तापलेलं अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, की काही हजारांचं काम कित्येक पटींनी वाढतं.

आणि गॅरेजात जाताना ‘गाडी तापते’ एवढंच सांगू नये. वेग किती होता, गिअर कोणता, एसी चालू होता का, माणसं किती होती, सपाटीवर आल्यावर काटा किती वेळात उतरला, हे सांगावं. या पाच उत्तरांतच निम्मं निदान झालेलं असतं. मेकॅनिकला कुठला भाग आधी खोलायचा, एवढंच उरतं.