सांधा नवा, हाड जुनेच

जामसंड्याच्या एका आजींचा खुबा बदलला. पुढे तपासणीत हाडे ठिसूळ दिसली, म्हणून मी त्यांना अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सुचवली. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनू, खुबो लोखंडाचो, मगे हाडांची गोळी कित्याक?"

प्रश्न रास्त आहे. पण धातूच्या सांध्याला धरून ठेवते ते आपले हाडच. खुंटीभोवतीचा चिरा भुसभुशीत झाला, की चांगली खुंटीही हलू लागते.

हाड दगडासारखे वाटले, तरी ते सतत कुरतडले जाते आणि नव्याने भरले जाते. ही दोन कामे करणाऱ्या पेशी वेगवेगळ्या. शस्त्रक्रियेत हाड कापले, कोरले जाते. ते दुखावलेले हाड काढून टाकायला कुरतडणाऱ्या पेशी जोमाने लागतात, आणि नेमका तोच काळ सांधा पक्का बसण्याचा! पुढे वर्षानुवर्षे वापरून सांध्यातले प्लॅस्टिक झिजते. त्याच्या सूक्ष्म कणांमुळे या पेशी पुन्हा चेवतात, सांधा सैल पडतो आणि दुसरी, पहिलीहून अवघड शस्त्रक्रिया करावी लागते.

अ‍ॅलेन्ड्रोनेट ज्या बिस्फॉस्फोनेट गटातले, ती औषधे हाडातल्या कॅल्शियमला चिकटतात. कुरतडणारी पेशी हाडाबरोबर औषधही गिळते आणि निकामी होते. स्वीडनमध्ये हिल्डिंग आणि आस्पेनबेर्ग यांनी 50 रुग्णांच्या गुडघ्यांत सांधा बसवतानाच असे औषध हाडाला लावून पाहिले. हाडात टँटलमचे बारीक मणी ठेवले, की क्ष-किरण चित्रांवरून सांध्याचे केसभर सरकणेही मोजता येते. 2007 साली त्यांनी निष्कर्ष मांडला : औषध लावलेले सांधे कमी सरकले. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून दिसले, की या गोळ्या घेणाऱ्यांत सांधा पुन्हा बदलण्याचे प्रमाण सुमारे निम्मे होते. अर्थात, गोळ्या नेमाने घेणारी माणसे मुळातच तब्येतीला जपणारी असू शकतात. म्हणून निव्वळ सांधा टिकावा यासाठी हे औषध सरसकट देत नाहीत. मीही देत नाही. हाडे ठिसूळ असतील तर मात्र ते टाळू नये.

आधी मूत्रपिंड आणि ड जीवनसत्त्व तपासावे. दातही पाहावेत, कारण क्वचित जबड्याचे हाड बिघडते. आजींची एक दाढ किडलेली होती. ती काढली, जखम भरू दिली, मग गोळी सुरू केली. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, की काही खायचे-प्यायचे नाही. चहासाठी थांबावे लागते, एवढीच आता त्यांची तक्रार आहे.