गाडीसोबत भाड्याने द्यायचा टेंट: 'दोन मिनिटांत उभा' एवढंच बघून पैसे टाकू नका



कॅम्पिंगच्या जोडधंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "सर, भाड्याने द्यायला कोणता टेंट घेऊ?" व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी धंदा कोणता ते ठरवू. आपण कॅम्पसाइट काढत नाही. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, नाशिकचं किंवा कोल्हापूरचं आहे. गाडी त्याची, जागा त्याने निवडलेली. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी टेंट, मॅट आणि दिवा असलेला सेट देता आणि सोमवारी परत घेता. म्हणजे टेंट लावताना तुम्ही तिथे नसता. हे वाक्य डोक्यात पक्कं ठेवा, कारण खालची सगळी निवड त्यावरच उभी आहे. ट्रेकचा लीडर स्वतः टेंट लावून देतो. तुमचं गिऱ्हाईक मात्र रात्री आठला, अंधारात, दोन पोरं आणि आईला गाडीत बसवून आयुष्यात पहिल्यांदा टेंट उघडणार आहे. तो उघडला नाही तर त्याचा वीकेंड जातो आणि तुमचं नाव जातं.

गाडीच्या टपावरचा टेंट का नको?

टपावरचे टेंट दिसायला भारी असतात. पण त्यांचं वजन साधारण ४० ते ७० किलो असतं आणि खाली मजबूत कॅरिअर लागतं. छोट्या गाड्यांच्या टपाची वजन पेलायची मर्यादा कमी असते. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाची गाडी वेगळी, तिचं फिटिंग वेगळं आणि डोकेदुखीही वेगळी. शिवाय सकाळी दूध आणायला गाडी काढायची तर सगळा संसार मिटवावा लागतो. जमिनीवरचा टेंट कुठल्याही गाडीच्या डिकीत जातो आणि लावल्यावर गाडी मोकळी राहते. सुरुवात त्यानेच करा.

झटपट टेंटचे चार प्रकार

*१. पॉप-अप.* पिशवीतून काढला, हवेत सोडला की स्प्रिंगसारखा उघडतो. डेकॅथलॉनच्या केचुआ ब्रँडच्या अशा टेंटचं नावच 'टू सेकंड्स' आहे. उघडायला खरंच सोपा. पण मिटवताना आतल्या कड्या ठरावीक क्रमाने पिळून एकावर एक आणाव्या लागतात. ज्याला ती युक्ती माहीत नाही तो अर्धा तास झगडतो आणि शेवटी जोर लावून कडी मोडतो. मोडलेली कडी जागेवर दुरुस्त होत नाही. पॅकिंग मोठ्या ताटासारखं गोल होतं, ते डिकीत आडवं बसतं का हे मोजून बघावं लागतं.

*२. छत्रीसारखा.* दांड्या कापडाला आधीच जोडलेल्या असतात. मधला भाग वर ढकलायचा किंवा दोरी ओढायची, पाय लांब करून खटका बसवायचा. एक-दोन माणसं काही मिनिटांत उभा करतात. मिटवायची पद्धत उघडण्याच्या अगदी उलट, त्यामुळे समजावून सांगायला सोपी. कमजोर जागा म्हणजे मधला प्लॅस्टिकचा सांधा. तो सुटा मिळतो का, हे घेण्याआधीच विचारा.

*३. हब टेंट.* प्रत्येक भिंतीच्या मध्यभागी एक सांधा असतो. तो बाहेर ओढला की भिंत ताठ होते, शेवटी छप्पर वर ढकलायचं. आत उभं राहता येतं, भिंती सरळ असतात, घरासारखं वाटतं. पण मिटवल्यावर लांबी बहुतेकदा दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. हॅचबॅकच्या डिकीत जात नाही, मागची सीट पाडावी लागते. मग पोरं बसणार कुठे?

*४. हवेचा.* दांड्यांऐवजी हवेच्या नळ्या, पंपाने भरायच्या. वाऱ्यात वाकतो आणि परत सरळ होतो. पण किंमत जास्त, पंप हरवला की खेळ खल्लास, आणि पंक्चरची टांगती तलवार कायम.

भाड्याच्या धंद्यासाठी माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे. तो सगळ्यात वेगवान नाही, पण अनोळखी माणसाच्या हातात तोच सगळ्यात कमी मोडतो. दोन मित्रांच्या ट्रिपसाठी पॉप-अप चालेल, पण तो देताना मिटवायचा व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवल्याशिवाय पिशवी हातात देऊ नका.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

*माणसं.* खोक्यावर '४ जण' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चार मॅट एकमेकांना चिकटून बसतात. माणशी साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरलेली असते. आपली माणसं तशी झोपत नाहीत. सामान गाडीत राहणार असेल तरी एक माणूस कमी धरा. चार जणांचा टेंट तीन जणांना द्या, चौघांच्या कुटुंबाला सहाचा.

*पाणी.* यासाठी '१५०० मिमी', '३००० मिमी' असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा एवढ्या उंचीचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. छपराला १५०० हा किमान समजा. २००० ते ३००० असेल तर आपल्या अवकाळीला बरं. तळाला त्याहून जास्त हवं, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पाणी बहुतेक वेळा शिलाईतून येतं, त्यामुळे आतून शिलाईवर टेप मारली आहे का ते हात फिरवून बघा. तळ टबासारखा असावा, म्हणजे कडा जमिनीपासून थोड्या वर वळलेल्या.

*थर.* आत जाळी आणि बाहेर वेगळं कापड असा दोन थरांचा टेंट घ्या. एका थराच्या टेंटमध्ये श्वासाची वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे टपकते. गिऱ्हाईक म्हणतो टेंट गळतो. तो गळत नसतो, पण तुम्ही फोनवर कितीही समजावलं तरी पैसे परत द्यावे लागतात.

*ऊन.* मार्च ते मे सकाळी सातलाच टेंट तापायला लागतो. मोठ्या जाळीच्या खिडक्या, समोरासमोर दोन दारं आणि फिका रंग बघा. आतून काळा थर असलेले टेंट उजेड अडवतात, त्यात पोरं उशिरापर्यंत झोपतात. गिऱ्हाइकाला हे आवर्जून सांगा.

*उंची.* आत उभं राहता आलं की गुडघेदुखी असलेल्या आई-बाबांना बरं पडतं. पण टेंट जितका उंच तितका वारा जास्त झेलतो. धरणाकाठी आणि घाटमाथ्यावर वारा कमी नसतो. उंच टेंट घेतला तर बांधायच्या दोऱ्या जास्त आणि चांगल्या हव्यात.

आपली जमीन विसरू नका

परदेशी व्हिडिओंत टेंट नेहमी हिरवळीवर असतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या पठारावर काळा कातळ, कोकणात सड्यावर जांभा. तिथे खुंटी आत जातच नाही. म्हणून खुंट्यांशिवाय स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा टेंटच घ्या. सोबत चार रिकाम्या जाड पिशव्या द्या. दगड किंवा वाळू भरून दोऱ्या त्यांना बांधता येतात. समुद्रकिनाऱ्यावरही याच पिशव्या कामाला येतात. टेंटबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या काढून टाका आणि हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी खुंट्या करून घ्या. खर्च थोडा, फरक खूप.

आता हिशोब मांडू

खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून स्वतः मांडा.

स्वस्त टेंट ४,००० रुपयांचा, १५ वेळा भाड्याने गेला की संपला. म्हणजे दर खेपेला झीज २६७ रुपये. चांगला टेंट १२,००० चा, ५० खेपा टिकला, म्हणजे २४० रुपये. फरक फार नाही, बरोबर? पण स्वस्त टेंट ऐन हंगामात बंद पडतो आणि त्या दिवशीचं भाडं, परत दिलेले पैसे आणि वाईट शेरा या हिशोबात धरलेलाच नाही. खरा तोटा तिथे आहे.

आता कमाई. ऑक्टोबर ते मे असे साधारण ३४ वीकेंड धरा. निम्मे गेले तर १७ खेपा. वीकेंडचं भाडं १,२०० धरलं तर एका टेंटचे २०,४०० रुपये. त्यातून धुणं-वाळवणं आणि ने-आण खेपेला १५० प्रमाणे २,५५०, आणि वर्षाची दुरुस्ती १,५०० वजा. हातात १६,३५०. चार टेंट फिरते असतील तर ६५,४००. पण चारांमागे एक राखीव लागतो, म्हणजे पाच टेंटचे ६०,००० गुंतले. निम्मे वीकेंड भरले तर पहिल्या हंगामात टेंटचे पैसे जेमतेम सुटतात, तेही जाहिरात आणि तुमचा वेळ न धरता. पाव वीकेंड भरले तर चार टेंटचे हातात २९,७०० च राहतात आणि भांडवल सुटायला दोन हंगामांहून जास्त लागतात.

म्हणून नोकरी सोडून यात उडी मारू नका. हा जोडधंदा आहे. पहिल्यांदा दोनच टेंट घ्या, दोन्ही एकाच मॉडेलचे. म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागतो आणि तुमचा एकच व्हिडिओ दोन्हीला चालतो.

ओला टेंट हा खरा शत्रू

टेंट रविवारी रात्री दवाने ओला होऊन परत येतो. तसाच पिशवीत राहिला तर बुरशी धरते, वास बसतो, आणि आतला पाणी अडवणारा पीयूचा थर ओलाव्याने हळूहळू चिकट होऊन सुटायला लागतो. तो परत बसवता येत नाही. त्यामुळे टेंट घेण्याआधी वाळवायची जागा शोधा. गच्ची असेल तर सावलीत दोरीवर, कारण कडक उन्हात रोज वाळवलं तर कापड कमजोर होतं. वॉशिंग मशिनमध्ये कधीच टाकू नका. पावसाळ्यात जागा नसेल तर जून ते सप्टेंबर सरळ धंदा बंद ठेवा आणि टेंट पूर्ण कोरडे करून सैल ठेवा.

गिऱ्हाइकाला लिहून द्यायच्या गोष्टी

- टेंटमध्ये शेगडी, कोळसा, बार्बेक्यू, स्टोव्ह नाही. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो. शिवाय टेंटचं कापड क्षणात वितळतं.
- गाडीचं इंजिन चालू ठेवून धूर टेंटकडे येईल अशी गाडी लावायची नाही.
- धरणाच्या पाण्याला लागून टेंट लावायचा नाही. पाण्याची पातळी बदलते.
- वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय मुक्काम नाही. काजवे बघायला लोक भंडारदऱ्याला जातात, तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तिथले नियम पाळावेच लागतात. सगळ्यात सोपं म्हणजे शेतकऱ्याची खासगी जागा, त्याच्या संमतीने. अशा दोन-चार शेतकऱ्यांशी तुम्हीच ओळख करून ठेवलीत तर त्यांनाही चार पैसे मिळतात आणि तुमचं गिऱ्हाईक सुरक्षित राहतं.

यावर सही घ्या, अनामत रक्कम घ्या आणि देताना-घेताना टेंट उघडून फोटो काढा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण वहीत प्रत्येक व्यवहार पहिल्या दिवसापासून लिहा.

या आठवड्याचं काम

टेंट विकत घ्यायच्या आधी कुणाकडून तरी तो मॉडेल एक दिवस मागून आणा, नाहीतर दुकानात उघडून दाखवायला लावा. मग तीन परीक्षा घ्या.

एक: ज्याने कधी टेंट पाहिला नाही अशा शेजाऱ्याला द्या. काही सांगू नका. उघडायला किती वेळ, आणि मिटवून *त्याच* पिशवीत भरायला किती वेळ, दोन्ही घड्याळावर मोजा. मिटवायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागली तर तो टेंट घेऊ नका.

दोन: त्याच्यावर पाइपने वीस मिनिटं पाणी मारा. आत वर्तमानपत्र अंथरा, कुठे ओलं झालं ते लगेच कळतं.

तीन: मिटवलेला टेंट, मॅट आणि एक मोठी बॅग छोट्या गाडीच्या डिकीत ठेवा. डिकी बंद झाली पाहिजे.

तिन्हीत पास झाला तोच तुमचा टेंट, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. पहिल्या पाच खेपांचा जमा-खर्च वहीत मांडा, आणि तिसरा टेंट घ्यायचा की नाही ते ती वही बघून ठरवा.